कॅरिबियन क्रूझवर किनाऱ्यावरच्या सहली कशा निवडायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रत्येक बंदरात सहल घ्यावीच लागते का?

अजिबात नाही. मायामीहून निघणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर साधारण तीन-चार बंदरं लागतात. सगळीकडे सकाळी आठला बस धरायची ठरवली, तर तिसऱ्या बंदरापर्यंत घरातली निम्मी माणसं थकून जहाजावरच थांबतात आणि भरलेले पैसे वाया जातात. दोन बंदरं नीट निवडून तिथं सहल घ्यावी. बाकीच्या ठिकाणी पायी फिरावं, नाहीतर एखाद्या किनाऱ्यावर निवांत दिवस घालवावा.

निवड करताना आधी बघायचं ते हे, की या बेटावर असं काय आहे जे वाटेतल्या दुसऱ्या कुठल्याच बेटावर नाही? पांढरी वाळू आणि निळं-हिरवं पाणी जवळपास सगळीकडे आहे, त्यासाठी महागडी सहल नको. सेंट लुशियाचे पिटॉन डोंगर आणि सूफ्रिएरचे गंधकाचे झरे, बेलीझमध्ये गुहांतून वाहणारी नदी, ग्रँड केमनचा स्टिंगरे माशांचा उथळ पट्टा, डॉमिनिकाचे धबधबे या गोष्टी मात्र तिथंच दिसतात.

काही बंदरांत सहल विकत घेणं म्हणजे पैसे फुकट घालवणंच. पोर्तो रिकोतल्या सान हुआनचं जुनं शहर धक्क्यापासूनच सुरू होतं. एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले एकाच तिकिटात होतात आणि पायी बघता येतात. फक्त जहाज दुपारी उशिरा लागत असेल तर किल्ले बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवा. कुरासाओच्या विलेमस्टाडचंही तसंच. १८८८ चा तरंगता क्वीन एमा पूल, त्यापलीकडची रंगीत घरं, सगळं चालत होतं. जहाजं जाण्यासाठी पूल बाजूला सरकवतात, तेवढ्या वेळात पलीकडे न्यायला फुकट फेरीबोट असते.

जाहिरातीत दिलेल्या तासांचा हिशेब कसा करायचा?

सहलीचं नाव आणि फोटो बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष ठिकाणावर किती वेळ मिळतो तेवढं शोधा. सहल चांगली की वाईट, हे बहुतेक वेळा याच आकड्यावर ठरतं.

मेक्सिकोतल्या कोझुमेलहून तुलुमचे माया संस्कृतीचे अवशेष बघायची सहल घ्या. वेळ साधारण सात ते आठ तास. कोझुमेल हे बेट आहे आणि तुलुम मुख्य भूमीवर. म्हणजे धक्क्यावर जमायचं, फेरीबोटीत चढायचं, प्लाया देल कार्मेनपर्यंत सुमारे पाऊण तास, तिथून बसने आणखी तासभर, मग पार्किंगपासून प्रवेशद्वारापर्यंत. हाच सगळा प्रवास परत. हातात उरतात जेमतेम दीड-दोन तास, तेही भर दुपारी आणि जवळपास सावली नसलेल्या मोकळ्या जागेत. समुद्राच्या कड्यावरचं ते मंदिर खरोखर बघण्यासारखं आहे, पण पाच तास प्रवास करून दोन तास बघायचंय हे मनाशी ठरवूनच जा. चिचेन इत्झा हे दुसरं माया शहर तर त्याहून बरंच आत आहे. क्रूझच्या एका दिवसात त्याच्या नादी लागू नका.

माया अवशेषच बघायचे असतील तर त्याच पट्ट्यातलं कोस्टा माया बंदर सोयीचं पडतं. तिथून चाकचोबेनचे अवशेष रस्त्याने साधारण तासाभरावर आहेत आणि मध्ये बोट नाही. कोझुमेलवरच सान गेर्वासिओ हे माया ठिकाण आहे. ते लहान आहे, पण इश्चेल देवीचं ठाणं म्हणून पूर्वी मुख्य भूमीवरून लोक तिथं दर्शनाला येत. अर्ध्या दिवसात ते बघून उरलेला वेळ पाण्यात घालवता येतो.

कोझुमेल–प्लाया फेरीबद्दल एक सूचना. त्या सामुद्रधुनीत प्रवाह जोरदार असतो आणि हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की बोट चांगलीच हलते. मळमळीची गोळी चढायच्या तासभर आधी घ्या. बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही.

सहल क्रूझ कंपनीकडून घ्यावी की बाहेरून?

क्रूझ कंपनीकडून घेतलेली सहल महाग पडते आणि बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं असतात. सगळे स्वच्छतागृहातून परत येईपर्यंतच वीस मिनिटं जातात. पण त्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, आणि थांबणं शक्य नसेल तर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. बाहेरच्या सहलीत माणसं दहा-बारा, गती आपली आणि दर कमी. उशीर झाला तर मात्र सगळं आपल्या अंगावर.

आमचं मत स्पष्ट आहे. ठिकाण बंदरापासून तासाभराहून लांब असेल, मध्ये फेरीबोट असेल, किंवा जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटींनी उतरवणार असेल, तर कंपनीचीच सहल घ्या. तुलुम, बेलीझच्या गुहा, जमैकात फालमथ बंदराहून डन्स रिव्हर धबधबा या सगळ्या त्यात आल्या. जवळचा किनारा, कॅटामरानची (दोन सांगाड्यांच्या बोटीची) अर्ध्या दिवसाची सफर, बेटाभोवतीची गाडीची फेरी बाहेरून घ्यायला हरकत नाही.

बाहेरच्या माणसाला पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. जहाज बंदरात आलंच नाही तर पूर्ण पैसे परत मिळतील का, भेटायची जागा बंदराच्या फाटकाच्या आत की बाहेर, आणि परत आणून सोडायची वेळ. ती वेळ जहाजावर चढायच्या शेवटच्या वेळेच्या किमान दीड तास आधीची असावी. लक्षात घ्या, ‘सगळे जहाजावर’ ही वेळ सुटण्याच्या वेळेपेक्षा साधारण अर्धा तास आधीची असते, कधी त्याहूनही आधीची.

घड्याळ कोणतं मानायचं, जहाजाचं की बेटाचं?

जहाजाचं. घोटाळा होतो तो मोबाइलमुळे. कोझुमेल, जमैका आणि केमन बेटांवर घड्याळं वर्षभर तीच राहतात, मायामीत मात्र उन्हाळ्यात ती तासभर पुढे करतात. जहाज मायामीच्या वेळेवर चालत असेल, तर जुलै महिन्यात कोझुमेलच्या किनाऱ्यावर तुमचा फोन साडेतीन दाखवेल तेव्हा जहाजावर साडेचार वाजलेले असतील. बेलीझ आणि होंडुरासच्या रोआतान बेटाला उन्हाळ्यात हा फरक दोन तासांचा होतो. पूर्वेकडे सेंट थॉमस, बार्बाडोस, सेंट लुशियाला हिवाळ्यात बेट मायामीच्या तासभर पुढे असतं.

काही जहाजं बेटाप्रमाणे वेळ बदलतात, काही बदलत नाहीत. उतरताना दाराशी लावलेल्या फलकाचा फोटो काढा आणि एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. बाहेरच्या सहलीच्या चालकाशी बोलताना ‘चार वाजता’ एवढंच न म्हणता जहाजाच्या घड्याळाचे चार की बेटाच्या, हे विचारून घ्या.

जहाज चुकलंच तर?

जहाजाच्या रोजच्या पत्रकात त्या बंदरातल्या एजंटचं नाव आणि फोन नंबर असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. प्रवासी आला नाही असं दिसलं की कर्मचारी बहुतेक वेळा खोलीतल्या तिजोरीतून पासपोर्ट काढून एजंटकडे देतात, म्हणून पासपोर्ट तिजोरीतच ठेवा, कपड्यांच्या घड्यांत नाही. सोबत पासपोर्टची आणि व्हिसाची छायाप्रत, एक ओळखपत्र आणि परदेशात चालणारं कार्ड असू द्या. पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल सगळा खर्च आपला. भारतीय पासपोर्टवर पुढच्या देशात विमानाने उतरायला वेगळा व्हिसाही लागू शकतो, त्यामुळे आपल्याकडच्या प्रवाशांना ही चूक इतरांपेक्षा महागात पडते.

ग्रँड केमन आणि बेलीझ सिटीला उतरायला एवढा वेळ का लागतो?

तिथं मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटी, म्हणजे टेंडर, प्रवाशांना ने-आण करतात. बेलीझ सिटीजवळ पाणी उथळ असल्यामुळे जहाज बरंच लांब थांबतं, एका फेरीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि शेवटची टेंडर जहाज सुटायच्या कितीतरी आधी निघते. कंपनीच्या सहलीवाल्यांना आधी उतरवतात, बाकीचे क्रमांकाची चिठ्ठी घेऊन बसतात. वेळापत्रकात आठ ते पाच दिसलं तरी हातात सहा-साडेसहा तासच धरा. लाटा वाढल्या की अशी बंदरंच सगळ्यात आधी रद्द होतात.

स्टिंगरे सिटीला जावं का? धोका किती?

ग्रँड केमनला एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. नॉर्थ साउंड नावाच्या खाडीत वाळूचा उंचवटा आहे. पाणी कमरेपासून छातीपर्यंत, तळ स्वच्छ वाळूचा. पूर्वी कोळी इथं मासे साफ करून उरलंसुरलं पाण्यात टाकत, त्या सवयीने स्टिंगरे जमायला लागले ते कायमचेच.

स्टिंगरेचा काटा शेपटीच्या मुळाशी असतो आणि अंगावर पाय पडला तरच बहुतेक वेळा तो मासा काटा मारतो. म्हणून पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूतून पाय घासत सरकायचं. तळाशी दडलेल्या माशाला धक्का लागतो आणि तो बाजूला होतो. तिथं पाण्यात चपला-बूट आणि हातमोजे घालायला मनाई आहे आणि माशाला पाण्याबाहेर उचलणं बेकायदा आहे. एखादा मार्गदर्शक फोटोसाठी उचलून दाखवत असेल तर त्याला प्रोत्साहन देऊ नका. खायला देताना अंगठा मुठीत दुमडून घ्या, कारण त्याचं तोंड पोटाखाली असतं आणि तो समोर येईल ते ओढून घेतो. त्वचा मखमलीसारखी लागते आणि लहान मुलं पहिल्या पाच मिनिटांत किंचाळून मग बोटीत यायला तयार होत नाहीत.

बंदरात त्या दिवशी किती जहाजं आहेत ते आधी बघा. पाच-सहा असतील तर पहिली सकाळची फेरी घ्या, अकरानंतर तिथं माणसांचीच दाटी होते. उत्तरेचा वारा असेल तर फेऱ्या रद्द होतात.

डन्स रिव्हर फॉल्स सगळ्यांना झेपतो का?

नाही. जमैकातला ओचो रिओसजवळचा हा धबधबा पायऱ्यापायऱ्यांनी सुमारे १८० मीटर पसरलेला आहे आणि तो पाण्यातून चढायचा असतो. गुडघेदुखी, तोल जाण्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर बाजूच्या लाकडी पायऱ्यांवरून बघा. पकड असलेले पाण्यातले बूट घरूनच न्या, तिथं भाड्याने मिळणाऱ्यांचा तळ झिजलेला असू शकतो. गट हात धरून साखळी करून चढतो. एक घसरला की शेजारचाही ओढला जातो, त्यामुळे अवघड जागी हात सोडून खडक धरणं चांगलं. जहाज फालमथला लागत असेल तर जायला-यायला प्रत्येकी तासाहून जास्त धरा.

पोहता येत नाही. मग पाण्यातलं सगळं सोडून द्यायचं का?

नाही, पण बुकिंग करतानाच सांगा. स्नॉर्केलिंगच्या, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघायच्या, सहली दोन प्रकारच्या असतात. एकात बोट खोल पाण्यात थांबते आणि शिडीवरून थेट उतरायचं, दुसऱ्यात किनाऱ्यावरून चालत जायचं. पोहता न येणाऱ्याने दुसरीच निवडावी. लाइफ जॅकेट असलं तरी पायाखाली जमीन नाही म्हटल्यावर घाबरायला होतं, श्वास जोरात चालतो आणि नळीत पाणी जातं. मास्क आदल्या दिवशी जहाजाच्या तलावात लावून बघा. मिशीमुळे वरची कड नीट बसत नाही, तिथं थोडं व्हॅसलीन लावा.

स्कूबाची (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारायची) एका दिवसाची ओळख-सहल घेणार असाल तर आधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. दम्याला ‘हो’ लिहिलंत आणि डॉक्टरांचं पत्र नसेल तर जागेवरच परत पाठवतात. डाइव्ह, म्हणजे ही बुडी, शेवटच्या बंदरात ठेवू नका. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त केल्या तर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं.

आईबाबा बरोबर आहेत. त्यांच्यासाठी काय?

अंतरापेक्षा पायऱ्या आणि वळणं बघा. सेंट लुशियात कास्ट्रीजहून सूफ्रिएरचा रस्ता सव्वा ते दीड तासाचा आणि आंबेनळी घाटासारखा वळणांचा आहे. गाडी लागत असेल तर समुद्रमार्गे कॅटामरानने जा, पिटॉनही पाण्यातूनच जास्त देखणे दिसतात. सेंट थॉमसच्या उघड्या सफारी टॅक्सींची पायरी उंच असते, बंद व्हॅन मागा.

बार्बाडोस ज्येष्ठांसाठी उत्तम आहे. हॅरिसन्स केव्हमध्ये ट्रॅममध्ये बसून गुहा बघता येते. आणि क्रिकेटवेड्या घरात केन्सिंग्टन ओव्हलला पर्यायच नाही. २९ जून २०२४ ला भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तो इथंच, आणि सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा तो झेलही इथलाच. मैदान क्रूझ टर्मिनलपासून जवळ आहे. सामना किंवा काम चालू असेल तर आत सोडतीलच असं नाही, म्हणून कार्लाइल बेच्या किनाऱ्याला जोडून तासभर ठेवा.

नुसता किनारा हवा असेल तर?

सेंट थॉमसला मॅगन्स बे टॅक्सीने वीसेक मिनिटांवर आहे. जहाज पाचपर्यंत थांबणार असेल तर शेजारच्या सेंट जॉन बेटावरचा ट्रंक बे अधिक सुंदर. टॅक्सीने रेड हुक, तिथून वीस मिनिटांची फेरी, मग पुन्हा टॅक्सी, एका बाजूला दीड तास धरा. जहाज तीनला निघणार असेल तर हा बेत करू नका.

वसंत ते उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ किनाऱ्यावर येतं. २०११ पासून हे प्रमाण फार वाढलंय. कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. उघड्या समुद्राकडे तोंड असलेल्या पूर्व किनाऱ्यांना, विशेषतः कोस्टा माया आणि तुलुमला, जास्त त्रास. त्या महिन्यांत पश्चिमेकडचा किनारा निवडा, कोझुमेलवरही हाच नियम.

वाळूत लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं पडलेली दिसली तर मुलांना हात लावू देऊ नका. मँचिनील झाडाचा चीक कातडी भाजतो आणि पाऊस आला म्हणून त्याखाली उभं राहिलं तरी फोड येतात. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं न्या. यूएस व्हर्जिन बेटं, अरूबा आणि बोनेअरमध्ये ऑक्सिबेन्झोन असलेल्यांवर बंदी आहे.

टॅक्सी आणि पैशांचं काय?

डॉलर बहुतेक ठिकाणी चालतात, पण ‘तीस डॉलर’ म्हणजे कोणते डॉलर? अँटिग्वा, सेंट लुशिया, डॉमिनिकात पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, एका अमेरिकी डॉलरला २.७०. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकी एक. केमनमध्ये उलटं, तिथला डॉलर महाग आहे. मेन्यूवरचे १० केमन डॉलर म्हणजे साडेबारा अमेरिकी. बसण्याआधी दोन प्रश्न विचारा: कोणते डॉलर, आणि माणशी की गाडीचे? सेंट थॉमसला सरकारी दर माणशी असतात. एक-पाचच्या नोटा जवळ ठेवा, पन्नासची सुटी स्थानिक चलनात मिळते.

शाकाहारी जेवण मिळतं का?

सहलीत ‘जेवणासह’ असेल तर बहुधा चिकन, मासे आणि भात. मेक्सिकोत घोटलेल्या बीन्समध्ये अनेकदा डुकराची चरबी असते, ‘सिन मांतेका’ (चरबीशिवाय) म्हणून विचारा. जमैकात रास्ताफारी पद्धतीचं ‘आयटल’ जेवण शाकाहारी असतं. त्रिनिदादला जहाज लागलं तर डबल्स खाच, दोन मऊ तळलेल्या पोळ्यांमध्ये चण्याची उसळ. जहाजावरून फळं किंवा शिजवलेलं अन्न उतरवायला मनाई असते. बंद पाकिटातला चिवडा, बिस्किटं साधारणपणे चालतात.

कपड्यांबाबत काही नियम?

सैनिकी छाप्याचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे घालू नका. बार्बाडोस, जमैका, सेंट लुशिया, अँटिग्वा, त्रिनिदादमध्ये नागरिकांना ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांच्या चड्ड्याही त्यात आल्या.

भारतीय पासपोर्टवर बंदरांत उतरता येतं का?

फ्लोरिडाहून निघणाऱ्या क्रूझसाठी अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा लागतो, कारण परत येणं हा नवा प्रवेश असतो. सान हुआन आणि सेंट थॉमस अमेरिकेचाच भाग आहेत. वैध अमेरिकी व्हिसावर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. बाकी बेटांसाठी क्रूझ कंपनीची त्या मार्गाची यादी बुकिंगआधीच तपासा.

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची (स्टॅम्पिंगची) मुदत संपलेली असेल तर फार सांभाळा. जुन्या व्हिसावर परत येण्याची सवलत तुम्हाला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती, ३० दिवसांपर्यंत आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (देवाणघेवाण कार्यक्रम) व्हिसावाल्यांना मिळते. क्रूझने जमैका किंवा केमनला पाय लावला की तुमची ती सवलत गेली.

जहाज बंदरात गेलंच नाही तर सहलीचे पैसे?

कंपनीच्या सहलीचे पैसे आपोआप जहाजावरच्या खात्यात परत येतात. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम असतो आणि मार्ग आयत्या वेळी बदलतो, त्या काळात बाहेरची सहल पूर्ण परताव्याच्या अटीवरच घ्या. बदल जाहीर झाला की त्याच दिवशी ऑपरेटरला मेल करा आणि जहाजाच्या पत्रकाचा फोटो जोडा. नव्या बंदरासाठीच्या सहली जहाजावरच्या टेबलावर आणि ॲपवर लगेच उघडतात आणि लहान गटांच्या जागा तासाभरात संपतात.